ओपनएसएसएच: भरवशाचे, पण फार कमी बोलणारे साधन

ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करून काम करण्याचे साधन, याबद्दल तक्रारीचा सूर लावायचा झाल्यास मला सर्वप्रथम आठवते ती ‘परमिशन डिनाइड’ ही दोन शब्दांची ओळ. किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) चुकीची असो, होम डिरेक्टरीच्या (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरच्या) परवानग्या सैल असोत, वापरकर्त्याचे नाव परवानगीच्या यादीत नसो किंवा त्या नावाचे खातेच सर्व्हरवर नसो, लॉगिन करणाऱ्याच्या पडद्यावर उत्तर तेच येते. फार तर कोणत्या पद्धती उरल्या आहेत त्यांची नावे कंसात दिसतात. अनोळखी माणसाला आतल्या गोष्टींचा सुगावा लागू नये म्हणून हे मौन मुद्दाम पाळलेले आहे आणि ते योग्यच आहे. अडचण अशी की सर्व्हर उभारताना, म्हणजे समोरचा माणूस परका नसून यंत्राचा मालकच असतो त्या वेळीही, हे साधन आपल्या स्वभावाला मुरड घालत नाही. बरीच वर्षे लिनक्स सर्व्हर सांभाळताना रोज याच साधनावर विसंबल्यानंतर माझे मत असे झाले आहे की याने देऊ केलेली सुरक्षा उत्तम प्रतीची आहे, परंतु ती प्रत्यक्षात लागू झाली की नाही हे ते आपणहून सांगत नाही, आणि परीक्षण करायचे ते मुख्यतः या एका गोष्टीचे.

त्याची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी चोरून पासवर्ड टिपत असल्याचे उघड झाले आणि त्यानंतर तिथल्याच तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली. तोवर दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी टेलनेटसारखी साधने वापरली जात, आणि त्यांत पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जात असे. नव्या प्रोटोकॉलसाठी त्यांनी पोर्ट (यंत्रावरच्या सेवेच्या दाराचा क्रमांक) मागून घेतले ते २२, कारण फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्यामधला तो क्रमांक मोकळा होता आणि या दोघांचीच जागा घ्यायची होती. पुढे मूळ प्रोग्रामचा परवाना आवळत गेला, तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी जुन्या, मुक्त परवान्याच्या आवृत्तीवरून आपली शाखा काढली आणि डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ सोबत ओपनएसएसएच बाहेर आले. लिनक्सवर असते ती त्याची ‘पोर्टेबल’ आवृत्ती, आणि आवृत्तीच्या अंकाला चिकटलेले ‘पी’ हे अक्षर तिची खूण आहे.

पहिल्यांदा एखाद्या सर्व्हरला जोडले जाताना हे साधन एक प्रश्न विचारते: या यंत्राची ओळख पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा (किल्लीवरून काढलेली छोटी खूण) अमुक आहे, पुढे जायचे का? जवळजवळ प्रत्येक जण इथे न वाचता ‘येस’ लिहितो, आणि सगळ्या मांडणीतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे, असे मला वाटते. एन्क्रिप्शन कितीही भक्कम असले तरी ते चुकीच्या यंत्राशी जुळले असेल तर त्याचा उपयोग शून्य. खरे पाहता हा ठसा सर्व्हरच्या कन्सोलवरून एसएसएच-कीजेन या किल्ल्या बनवणाऱ्या आज्ञेने काढून आधीच टिपून ठेवता येतो. एवढेच नव्हे, प्रश्नाच्या उत्तरात ‘येस’ऐवजी तो ठसा चिकटवला तर जुळणी क्लायंट (आपल्या यंत्रावरचा एसएसएच प्रोग्राम) स्वतः करतो. ही सोय अनेक वर्षे हे साधन वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते, कारण प्रश्नाच्या ओळीत तिचा उल्लेख एका शब्दाने उरकलेला आहे.

याउलट, एकदा नोंदलेली किल्ली बदलली की हे साधन एकदम आवाज चढवते. मोठ्या अक्षरांत, चिन्हांच्या चौकटीत, कोणीतरी मध्ये बसून ऐकत असण्याची शक्यता आहे असा इशारा येतो आणि जोडणी तुटते. एवढे बोलणे इथे हवेच. मात्र सर्व्हर नव्याने उभारला तरी नेमका हाच इशारा येतो, आणि ज्यांना महिन्यातून चार वेळा यंत्रे नव्याने उभारावी लागतात त्यांच्या बोटांना नोंद खोडण्याची आज्ञा इतकी सवयीची होते की खरा धोका आला तरी ती ओळ तशीच खोडली जाईल. यावरचा उपाय, म्हणजे सर्व्हरच्या किल्लीवर आपल्याच प्रमाणकर्त्याची (इतर किल्ल्यांची ओळख प्रमाणित करणाऱ्या एका विश्वासू किल्लीची) सही घेणे, ओपनएसएसएचमध्ये २०१० सालच्या ५.४ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. दहा-बारांहून अधिक यंत्रे असतील तर तोच मार्ग धरावा. त्याची मांडणी अवघड नाही. त्याविषयी समजेल असे लिहिलेले मात्र फार थोडे आहे.

वापरकर्त्याच्या किल्ल्यांबाबत (प्रत्येकीची खासगी बाजू आपल्याकडे आणि सार्वजनिक बाजू सर्व्हरवर असते) आता फारसा विचार करावा लागत नाही. ईडी२५५१९ हा प्रकार २०१४ च्या ६.५ आवृत्तीत आला आणि २०२३ च्या ९.५ पासून कोणताही प्रकार न सांगता किल्ली बनवली तर तोच बनतो. त्याच्या सार्वजनिक किल्लीचा मजकूर अवघा ६८ अक्षरांचा असल्याने ती डोळ्यांनी पडताळता येते, एखाद्या अर्जाच्या रकान्यात बसते आणि चिकटवताना मध्येच ओळ तुटण्याचा प्रकारही घडत नाही. आरएसए या जुन्या प्रकारच्या किल्ल्या बाद झाल्या आहेत असा समज २०२१ च्या ८.८ आवृत्तीनंतर पसरला, पण तो चुकीचा आहे: त्या आवृत्तीने बंद केली ती आरएसए किल्लीने एसएचए-१ ही जुनी हॅश पद्धत वापरून केलेली सही, किल्ली नव्हे. जुनी किल्ली नव्या सहीच्या पद्धतीने पूर्वीसारखीच चालते, फक्त दोन्ही टोकांना ती पद्धत समजायला हवी. पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) न लावलेली खासगी किल्ली लॅपटॉपवर ठेवणे म्हणजे पासवर्ड फाइलीत लिहून ठेवण्यासारखेच आहे. एजंट (उघडलेल्या किल्ल्या स्मरणात ठेवणारा प्रोग्राम) चालू असल्यावर पासफ्रेज दिवसातून एकदाच द्यावी लागते, तेव्हा आळसालाही सबब उरत नाही. २०२० च्या ८.२ पासून बोटाने स्पर्श करावी लागणारी हार्डवेअर किल्लीही वापरता येते, आणि ज्या खात्यांना सर्वाधिकार आहेत त्यांच्यासाठी मी तीच पसंत करतो.

एजंटमध्ये किल्ल्या वाढल्या की मात्र एक चमत्कारिक अनुभव येतो. क्लायंट हातातल्या सगळ्या किल्ल्या एकामागून एक पुढे करतो, सर्व्हर मुळात सहाच प्रयत्न मोजतो, आणि योग्य किल्ली सातवी असेल तर तिची पाळी येण्याआधीच प्रयत्न फार झाले म्हणून हकालपट्टी होते. क्लायंटच्या कॉन्फिग फाइलीत त्या सर्व्हरसाठी किल्लीचे नाव आणि ‘आयडेंटिटीज-ओन्ली’ लिहिले की प्रश्न मिटतो, परंतु नवख्या माणसाला हे सुचण्याचे काही कारणच नाही.

आता सर्व्हरच्या बाजूकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे लागते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पोचवण्याचे काम ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ बिनचूक करते आणि परवानग्याही नीट लावते. हेच काम हाताने केले आणि होम डिरेक्टरी गटाला लिहिण्यासाठी खुली राहिली, तर सर्व्हर ती किल्ली वाचायलाच नकार देतो. कारण दुसऱ्या कोणाला त्या फाइलीत आपली किल्ली घुसवता येईल. नकार रास्त आहे, पण त्याचे कारण केवळ सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) लिहिले जाते, आणि ज्याला लॉगिनच करता येत नाही त्याने लॉग वाचायचा कसा? एसएसएचच्या डिरेक्टरीला ७०० आणि आतल्या यादीला ६०० परवानगी (म्हणजे फक्त मालकालाच) द्यावी, हे म्हणून सगळे जण पाठ करून ठेवतात, कारण विचारणारे कोणी नाही आणि सांगणारेही कोणी नाही.

यानंतर पासवर्डने लॉगिन बंद करण्याची वेळ येते, आणि माझा सर्वांत वाईट अनुभव इथलाच आहे. मी मुख्य कॉन्फिग फाइलीत तळाशी ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ असे लिहिले, सेवा रीलोड केली, किल्लीने आत जाऊन पाहिले आणि समाधानाने कामाला लागलो. काही दिवसांनी लॉगमध्ये पासवर्डचे फसलेले प्रयत्न दिसले, म्हणजे सर्व्हर अजून पासवर्ड विचारत होता. या फाइलीचा नियम असा आहे की एखादी सूचना दोनदा आली तर पहिली खरी मानली जाते आणि नंतरची निमूटपणे सोडून दिली जाते. बहुतेक प्रोग्राममध्ये शेवटची सूचना जिंकते, त्यामुळे हात आपसूक फाइलीच्या तळाकडे जातो. त्यात भर अशी की आजकाल मुख्य फाइलीच्या अगदी वरच्या भागात एका उपडिरेक्टरीतल्या फाइली ओढून घेण्याची ओळ असते, आणि यंत्राची प्रतिमा (साचा) तयार करणाऱ्या प्रणालीने त्या डिरेक्टरीत ‘येस’ लिहिलेली छोटी फाइल आधीच ठेवून दिली होती. नियम मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे, म्हणून दोष माझाच. तरीही, दोन परस्परविरोधी ओळी समोर असताना एकही शब्द न उच्चारणे याला मितभाषीपणा म्हणावा की बेफिकिरी, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

या अनुभवानंतर मी एक आज्ञा कधीही चुकवत नाही. एसएसएचडीला, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रामला, इंग्रजी लहान टी हा पर्याय दिला तर तो फाइलीतल्या चुका तपासतो, आणि मोठा टी दिला तर सगळ्या फाइली वाचून अखेरीस कोणती सूचना कोणत्या रूपात लागू होणार आहे त्याची पूर्ण यादी छापतो. दोन्ही पर्याय मराठीत सारखेच ऐकू येतात, पण त्यांच्यातला फरक फार मोठा आहे: पहिला व्याकरण तपासतो, दुसरा अर्थ सांगतो. माझ्या त्या फाइलीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

असेच आणखी दोन सापळे आहेत. पासवर्डची सूचना बंद केली तरी ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ नावाची वेगळी पद्धत चालू राहू शकते, आणि ती पीएएम या लिनक्सच्या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत शेवटी पासवर्डच विचारते. तेव्हा दोन्ही बंद कराव्या लागतात. ज्यांना किल्ली आणि शिवाय एकदाच चालणारा कोड अशी दुहेरी तपासणी हवी असेल त्यांनी ‘ऑथेंटिकेशन-मेथड्स’ या सूचनेत दोन पद्धतींमध्ये स्वल्पविराम द्यायचा असतो. स्वल्पविरामाच्या जागी मोकळी जागा सोडली तर अर्थ ‘दोन्ही’ असा न राहता ‘दोहोंपैकी कोणतीही एक’ असा होतो, म्हणजे तपासणी कडक करायला बसलेला माणूस ती सैल करून उठतो. इथेही लहान टी खूश असतो. शिवाय एखाद्या गटापुरते नियम लिहिणारा ‘मॅच’ हा भाग पुढचा ‘मॅच’ येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत चालतो, त्यामुळे तळाशी जोडलेली नवी ओळ सर्वांसाठी न राहता त्या गटापुरतीच उरते.

असे असूनही चूक सुधारण्यासाठी दिलेली साधने वाखाणण्यासारखी आहेत. सेवा रीलोड केली तरी चालू जोडण्या तुटत नाहीत. म्हणून जुनी खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहायचे, आणि ते जमले तरच पहिली बंद करायची. क्लायंटला तीन वेळा ‘व्ही’ दिला की तो कोणती किल्ली केव्हा पुढे केली ते सविस्तर सांगतो. सर्व्हरची बाजू ऐकायची असेल तर दुसऱ्या एखाद्या पोर्टवर एसएसएचडी डीबग स्थितीत चालवावा, मात्र त्याचा संपूर्ण पाथ देऊन, कारण नुसत्या नावाने तो सुरू होत नाही. या स्थितीत तो एकच जोडणी घेतो आणि एरवी गिळून टाकलेले प्रत्येक कारण ओळीओळीने सांगतो. ज्याने हे संभाषण एकदा ऐकले आहे त्याला या साधनाच्या मौनाची भीती उरत नाही.

पोर्ट बदलण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २२ सोडून दुसरे पोर्ट घेतल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. आणि एसईलिनक्स ही लिनक्सची जादा सुरक्षायंत्रणा असेल तर नव्या पोर्टची नोंद आधी तिथे करावी लागते. वारंवार फसणाऱ्या पत्त्यांना काही काळ दूर ठेवण्यासाठी पूर्वी फेलटूबॅनसारखा वेगळा प्रोग्राम बसवावा लागे. २०२४ च्या ९.८ आवृत्तीपासून अशी शिक्षा सर्व्हर स्वतःच देतो आणि ती सोय मुळातच चालू असते. रूट या सर्वाधिकारी खात्यात पासवर्डने शिरणे २०१५ च्या ७.० पासून मुळातच बंद आहे; मी किल्लीनेही शिरू देत नाही, कारण कोण आत आले हे लॉगमध्ये माणसाच्या नावाने दिसायला हवे.

आतल्या नेटवर्कमधल्या यंत्रांपर्यंत पोचण्यासाठी मध्ये एक जंप सर्व्हर ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. त्यासाठी अजूनही पुष्कळ जण एजंट फॉरवर्डिंग (आपला एजंट मधल्या सर्व्हरवरून वापरू देणे) वापरतात. ते टाळावे, कारण मधल्या सर्व्हरवर ज्याच्याकडे रूटचे अधिकार असतील तो जोडणी चालू असेपर्यंत तुमच्या एजंटकडून हव्या तितक्या सह्या करून घेऊ शकतो. २०१६ च्या ७.३ आवृत्तीत आलेली ‘प्रॉक्सी-जंप’ ही सूचना मधल्या सर्व्हरचा उपयोग केवळ वाट म्हणून करते. किल्ली आणि तिची सही दोन्ही आपल्याच यंत्रावर राहतात आणि मधल्याला आतले संभाषण दिसतही नाही. क्लायंटच्या फाइलीत ही सूचना एकदा लिहून ठेवली की चार यंत्रांपलीकडचा सर्व्हरही एका लहान नावाने उघडतो. ही फाइल म्हणजे या साधनाचा सर्वांत सुखद भाग आहे. पहिली सूचना जिंकण्याचा नियम इथेही आहे, पण इथे तो स्वाभाविक वाटतो, कारण विशिष्ट यंत्रांचे नियम वर आणि सर्वांना लागू होणारे तळाशी, अशीच आपण ती लिहितो.

सुरक्षेच्या बाबतीत इतिहास निष्कलंक नाही, पण तो लाज वाटावी असाही नाही. १ जुलै २०२४ रोजी ‘रेग्रेशन’ या शब्दाशी खेळ करणाऱ्या नावाने एक दोष जाहीर झाला. २००६ साली दुरुस्त केलेली चूक ८.५ आवृत्तीच्या वेळी कोडची फेरमांडणी करताना एक ओळ गळाल्याने परत आली होती, आणि लॉगिनसाठी दिलेली मुदत संपण्याच्या क्षणी साधलेल्या वेळेमुळे ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर लॉगिन न करताच रूटचे अधिकार मिळवणे शक्य होते. संशोधकांनी ३२-बिट यंत्रावर ते करून दाखवले, तेही सरासरी सहा ते आठ तास सतत धडका दिल्यावर. ओपनबीएसडीवर त्याचा परिणाम झाला नाही. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये उघड झालेले एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण अधिक बोधक होते, आणि त्यात ओपनएसएसएचच्या स्वतःच्या कोडचा दोष नव्हता. काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीला) निरोप देता यावा म्हणून एसएसएचडीला एक जास्तीची लायब्ररी जोडली होती, त्या लायब्ररीच्या पाठोपाठ एक्सझेडची लायब्ररी आत येत होती, आणि तिच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा पेरलेला होता. एसएसएचच्या लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले आणि त्या धाग्यावरून सगळे उलगडले. सिस्टमडीला द्यायच्या निरोपासाठी खरे तर थोड्याशाच कोडची गरज असते, ९.८ मध्ये तो ओपनएसएसएचने स्वतःच लिहून टाकला. वितरणांनी जोडलेल्या ठिगळांबाबत माझी नाराजी आहे ती यामुळेच: मूळ प्रकल्प जितका काटकसरी, तितके त्याचे वाटप करणारे नाहीत.

काळाच्या पुढे राहण्याची धडपड मात्र मनापासून दाद देण्याजोगी आहे. आजची रहदारी साठवून ठेवायची आणि पुरेसे मोठे क्वांटम संगणक तयार झाले की ती वाचायची, हा धोका ओळखून २०२२ च्या ९.० आवृत्तीने किल्ली ठरवण्याची मिश्र (जुनी आणि क्वांटमरोधक एकत्र) पद्धत मुळातच लागू केली आणि २०२५ च्या १०.० पासून एमएलकेईएम या क्वांटमरोधक गणितावर आधारलेली पद्धत तिच्या जागी आली. ९.५ मध्ये तर टंकण्याच्या लयीवरून काय टंकले असेल याचा अंदाज बांधता येऊ नये म्हणून अक्षरे ठरावीक अंतराने पाठवण्याची आणि मध्ये खोटी अक्षरे मिसळण्याची सोय आली, आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. ९.० पासून फाइली पाठवणारी एससीपी ही आज्ञा आतून एसएफटीपी हा वेगळा प्रोटोकॉल वापरू लागल्याने काही जुन्या राउटरवर फाइली जाईनाशा झाल्या. तिथे जुनी पद्धत सांगणारा मोठा ओ द्यावा लागतो.

शिफारस करायची तर ती निःसंकोच आहे. लहान गट, मोजके सर्व्हर आणि मॅन्युअल वाचायची तयारी असेल तर याहून चांगले साधन मला माहीत नाही. जिथे माणसे वारंवार येतात-जातात तिथे किल्ल्यांच्या याद्या सर्व्हरोसर्व्हरी विखुरलेल्या ठेवू नयेत, कारण गेलेल्या माणसाची ओळ एखाद्या कोपऱ्यातल्या यंत्रावर हमखास राहून जाते. अशा ठिकाणी प्रमाणकर्त्याने सही केलेली मुदतीची प्रमाणपत्रे वापरावीत. २०२५ च्या १०.१ आवृत्तीत क्लायंटने एक नवे वळण घेतले आहे: जोडणी क्वांटमरोधक पद्धतीने झाली नाही तर तो आपण होऊन तसे सांगतो. हीच बुद्धी आता सर्व्हरच्या लहान टीलाही व्हावी, आणि एकच सूचना दोन ठिकाणी वेगवेगळ्या रूपात लिहिलेली आढळली तर कोणत्या फाइलीतली कितवी ओळ सोडून दिली तेवढे त्याने पडद्यावर छापावे.